मामा पाणी मागायला जायचे

वरठीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीकडून निधनवार्तेचा मजकूर आला, तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो. दानियल मामा झोपेतच गेल्याचे मामेबहिणीने त्याआधीच फोनवर कळवले होते. मजकुरात नाव, वय, दफनविधीची वेळ, सारे बरोबर होते. नावाआधी ‘थोर समाजसेवक’ असे शब्द होते. ते मी काढले. मामांना त्यांची लाज वाटली असती, आणि तशी लाज आम्ही त्यांना एकदा आणली होती...

मामा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. मामी गेल्यावर स्वतःच रांधायचे. शेजारच्या कुसुमबाई बौद्ध कुटुंबातल्या, विधवा, मुलगा पुण्यात नोकरीला. भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरल्या आणि पाय मोडला. तेव्हापासून मामा संध्याकाळी मागच्या दाराने डबा देऊ लागले. “मले अंदाज नाही येत जी, भात जास्तच होते,” असे म्हणायचे. “रोजच कसा चुकते तुमचा अंदाज?” असे कुसुमबाई विचारायच्या, आणि डबा घ्यायच्या. खरे काय ते दोघांनाही ठाऊक होते. त्यावर कुणी बोलत नव्हते, म्हणून ते चालले होते.

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत प्रत्येक घर नवे धान, भोपळा, कोंबडी असे काही ना काही आणते आणि उपासनेनंतर मंडपात त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी लिलावाआधी मामांचा सत्कार ठेवला. मागच्या दाराचा डबा कुणाच्या तरी नजरेस पडला होता. पाळकांनी उपदेशाला बायबलमधल्या, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोन्याचा दाखला घेतला होता, आणि त्याचे जिवंत उदाहरण त्यांना मंडळीला दाखवायचे होते. मामांच्या खांद्यावर शाल आली. मग कुसुमबाईंपुढे माइक आला. त्यांना जेवायला म्हणून बोलावले होते. “बाई, मामांनी तुमच्यासाठी काय केले, चार शब्द सांगा.” त्या कुबडीवर उभ्या राहिल्या. “डब्बा आणून देत होते,” एवढे म्हणून कुबडी सावरत खाली बसल्या. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मामांनी मान वर केली नाही.

कुणी तरी काढलेली चित्रफीत संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचली. मुलाचा फोन आला, “आई, मी मेलो का?” दुसऱ्या दिवशी मामा मागच्या दाराशी गेले, तर दार बंद. आतून आवाज आला, “राहू द्या जी. मी रांधून राहिली आता.” घरात चूल पेटत नव्हती. बाई मुरमुऱ्यांवर दिवस काढत होत्या, हे मामांना दिसत होते. मामा पाळकांकडे गेले तेव्हा मी सोबत होतो. “पाळकसाहेब, उजवा हात काय करते ते डाव्याले कळू नये, असं प्रभूनं सांगतलं. तुम्ही त माइकच लावला.” पाळक माफी मागायला कुसुमबाईंकडे निघाले. मामांनी अडवले. “आता तिले माफी बी द्याले लावता का?”

मग एके सकाळी मामा रिकाम्या हाताने कुसुमबाईंच्या पुढच्या दाराशी उभे राहिले. “कुसुमबाई, पाणी देता का?”

“तुमचा नळ आटला का?”

“नळ हाय. तहान बी हाय.”

त्यांनी पाणी दिले. मामा रोज जाऊ लागले. पुढे पाण्याचा चहा झाला. मग चटणी मागणे झाले, आणि एक दिवस कुसुमबाईंनीच विचारले, “भाताचा अंदाज सुधरला का?” डबा पुन्हा सुरू झाला. हे कसे सुचले, असे मी मामांना विचारले होते. ते म्हणाले, “शोमरोन्याची गोष्ट सांगता तुम्ही, शोमरोनी बाईची काहून नाही सांगत? विहिरीवर प्रभू थकून बसला. पहिले त्यानं तिले काही देल्लं नाही. पाणी मांगलं.”

दफनानंतर काही आठवड्यांनी घर आवरायला गेलो. मामांच्या कोठीत तांदळाचे पोते उरले होते. ते घेऊन मी कुसुमबाईंच्या दाराशी गेलो आणि म्हणालो, “मावशी, हे ठेवा. आणखी काही लागले तर सांगा.” त्या बाहेर आल्या. दाराशी एक लाकडी पाट होता. त्यावर बसून मामा चहा प्यायचे, असे त्यांनीच सांगितले. मला मात्र बस म्हटले नाही. पोत्याकडे पाहिले.

“मामा मांगाले येत होते, बाबू. तुम्ही सारे द्यालेच येता.”

ऊन चढले होते. मला तहान लागली होती. आत माठ दिसत होता. एवढेच म्हणायचे होते... ते तोंडून निघाले नाही. पोते उचलून मी परत आलो.