दादाचा दोस्त

दुष्काळाच्या त्या साली दादा पलटण सोडून कायमचा घरी आला. पंधरा वर्षं तो लष्करात ड्रायव्हर होता. आदल्या वर्षीच्या लढाईत जखमी जवानांना मागं आणायची गाडी त्याच्याकडे होती, एवढंच आम्हाला ठाऊक. आमचं गाव राहुरीपासून कोसभर. मी गावच्याच शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. घरात मी, दादा, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली.

गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. लष्करातला माणूस म्हणून दादाला तिथं मुकादम केलं. दुसऱ्याच आठवड्यात दुपारी खडकाला सुरुंग लावला. शिट्टी झाली, सगळे लांब जाऊन बसले. स्फोट झाला तसा दादा धावला आणि पाटी घेऊन बसलेल्या एका बाईला खाली पाडून तिच्यावर आडवा झाला. लोकांनी ओढलं तरी तो उठेना. "डोकं खाली! डोकं खाली!" एवढंच ओरडत होता.

गावात नको ते बोललं गेलं. ती बाई मात्र संध्याकाळी घरी येऊन वहिनीला म्हणाली, "तुमच्या मालकाच्या मनात काय वाईट न्हवतं. लई थरथरत हुते वो."

दादा परत कामावर गेला नाही. गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शनं दिली, वहिनीनं देवऋषी आणला. एकदा मी त्याला चहा द्यायला गेले, तर तो हळूच म्हणाला, "मला आता जगावंसं वाटत न्हाई गं."

मी घाबरले, आणि घाबरून रागावले. "पोरींकडं बघ जरा! असलं बोलवतं कसं तुला?"

त्यानं कप घेतला. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. आजही ते वाक्य मला परत घ्यावंसं वाटतं.

त्याच्या पेटीत श्रीरामपूरच्या एका दोस्ताची पत्रं होती. दोघं एकाच गाडीवर होते. तोही निवृत्त होऊन घरी आलेला. वहिनीला विचारून मी त्याला पत्र टाकलं. पाचव्या दिवशी तो एसटीनं आला. उंच, हसरा, मुलींसाठी रेवड्या घेऊन आलेला मुसलमान गडी. वहिनीला "भाभी" आणि मला "ताई" म्हणाला, आणि सरळ गोठ्यात जाऊन दादाशेजारी बसला. मी दारातच होते.

"मरायचा इचार येतो का रं?" त्यानं विचारलं.

असं कुणी विचारतं का? पण दादानं मान हलवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

"मलाबी येतो," दोस्त म्हणाला.

मला वाटलं, धीर द्यायला म्हणतोय.

तो आठ दिवस राहिला. दादाला एकटं सोडलं नाही. मग स्वतः पुण्याला लष्करी दवाखान्यात घेऊन गेला. "पाय मोडला तर जातो ना आपण? मग ह्याला का लाजायचं?" असं त्यानं वहिनीला समजावलं. दादा दोन महिने तिथं होता. आला तेव्हा हात थोडे कापायचे, पण झोप लागायची. पुढं एका रोपवाटिकेत कामाला लागला. गोळ्या चालू होत्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बाजरी काढणीला आलेली असताना श्रीरामपूरहून दोस्ताच्या शेजाऱ्याचा निरोप आला. दादाच्या दोस्तानं जीव दिला होता.

दादा म्हणाला, "दवाखान्याच्या दारापत्तूर माझ्यासंगं आला. त्याला आत न्या, असं कुणीच म्हनलं न्हाई. मीबी न्हाई."

मी त्याच्याबरोबर श्रीरामपूरला गेले. तिथं नातेवाईक सगळ्यांना सांगत होते, छातीत कळ आली. दोस्ताच्या आईनं दादाला जवळ बसवून विचारलं, "बेटा, तुज्याजवळ काय बोलला हुता का?"

सांगू नकोस म्हणून मी दादाच्या हाताला धरलं. त्यानं हात सोडवला नाही, पण उत्तर दिलं. "व्हय अम्मा. बोलला हुता. आमाला उमगलं न्हाई."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ती आम्हाला जायला सांगेल. तिनं सुनेला हाक मारली आणि आमच्यासाठी ताटं वाढायला सांगितलं. जेवताना ती दादाला त्याच्या गोळ्यांबद्दल विचारत राहिली. कधी घेतोस, चुकत तर नाहीत ना.

परतीच्या एसटीत दादा खिडकीशी बसला होता. मी काहीच विचारलं नाही, तरी तो लढाईबद्दल बोलू लागला. गाडीत मागं पडलेली पोरं, त्यांचं पाणी मागणं, संपता संपत नसलेला रस्ता. मी मधे एकही शब्द बोलले नाही. राहुरी आली, गेली. कंडक्टर आमच्याकडे बघून हाक मारत होता, पण दादाचं सांगणं संपलं नव्हतं. आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो आणि मागं चालत आलो.