निवडुंगाचं सरबत आणि दुधनीचे पाहुणे

शेळी जे जे खाते ते माणसानं का खाऊ नये, हा रेवणसिद्ध मास्तरांचा आयुष्यभराचा सवाल होता. शेळीला शाळेत नोकरी नसते आणि घरात भावजय नसते, हे उत्तर सुंदरम्मा मनातल्या मनात देई. मास्तर तिचे थोरले दीर. लग्न केलेलं नव्हतं; मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. ते बी.एस्सी. होते. सुंदरम्मा स्वतः बी.ए. होती, त्यामुळे पदवीनं माणसाला अक्कल येते असा तिचा गैरसमज नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात मास्तरांच्या प्रयोगांना ऊतच आला. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली तेव्हा अख्ख्या सोलापूरनं नशिबाला शिव्या दिल्या. हे मात्र सायकलला पिशवी अडकवून माळावर हिंडू लागले. तरवडाच्या फुलांचा चहा झाला. टाकळ्याच्या बिया भाजून कॉफी झाली. ती हेडमास्तरांना पाजली, आणि हेडमास्तरांनी दिवसभराची शाळा संडासातून चालवली. "मात्रा चुकली," मास्तर म्हणाले. माणूस चुकला, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

हसण्यावारी नेलं असतं तिनं; पण तिची लेक महानंदा लग्नाची होती. दुधनीच्या शरणप्पांचं स्थळ आलं होतं. अडत दुकान, मुलगा शिकलेला, आणि मुलीला लग्नानंतरही कॉलेज पुरं करू देऊ म्हणणारी माणसं. सुंदरम्माला दुसरं काही नको होतं. पण "घरात एक येडं आहे" एवढी कुजबुज दुधनीपर्यंत पोचली की सगळं मुसळ केरात.

मंडळी मुलगी बघायला आली त्या दिवशी बाजारात लिंबू औषधालाही नव्हतं. सुंदरम्मा आत उप्पीट हलवत होती, तोवर मास्तरांनी बाहेर पेले वाटलेसुद्धा. आत गडद लाल, इरकली लुगड्याला शोभावा असा रंग.

"डाळिंबाचं काय हो?" मुलाची आई नागम्मा म्हणाली.

मास्तरांनी व्याख्यानासाठी तोंड उघडलं. सुंदरम्माची नजर त्यांच्या बोटांवर गेली. बारीक पिवळ्या कुसांनी बोटं भरली होती. फड्या निवडुंगाची बोंडं! ज्याचे काटे जाळून लोक गुरांपुढे टाकत होते, तो कुंपणाचा निवडुंग होणाऱ्या व्याह्यांना!

"हो, डाळिंबाचंच," ती घाईनं बोलून गेली.

पाहुण्यांनी आणखी मागितलं. शरणप्पांनी तर आग्रहाशिवाय घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नवराबायको पुन्हा दारात हजर. शरणप्पांचा चेहरा उतरलेला.

"बाई, आमच्या घरात सगळ्यास्नी लाल व्हतंय."

"काय लाल?"

"आता मी कसं सांगू? तू सांग की गं."

"लघवी हो!" नागम्मा कडाडली. "माजी, ह्यांची, पोराची. कुंकवाच्या पाण्यागत! हे तर रातीच जमिनीच्या वाटण्या करायला बसलते. डाळिंबानं असं व्हतं व्हय?"

"सगळ्यांची?" मास्तर हरखून पुढे आले. "रंग फिका की गडद? नमुना आणलाय?"

सुंदरम्माला वाटलं, उखळात घालून कांडावं या माणसाला. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "डाळिंबाचं नव्हतं ते," ती म्हणाली. "निवडुंगाच्या बोंडांचं होतं. लाजेनं मी खोटं बोलले."

"गुरांचं खाणं? सोयऱ्यास्नी?" शरणप्पा ओट्यावर बसलेच.

"रंग तेवढा गाळला जाऊन बाहेर पडतो, अपाय काही नाही," मास्तर म्हणाले. "मी आत्ता पिऊन दाखवतो."

"तुमी नगा. तुमाला कुंपान बी पचतंय." नागम्मानं बोट सुंदरम्माकडे वळवलं. "पोरीच्या आईनं प्यावं. आमच्यासारखं झालं तर खरं. न्हाईतर इख घातलं म्हनून दुधनीभर सांगनार मी."

मास्तरांनी तांब्या भरून आणला. सुंदरम्मानं पेला रिकामा केला तेव्हा ते तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सगळ्यांनाच होतं असं नाही हं. काहींच्या अंगात रंग जिरतो."

"मग?"

"मग नोंद घ्यायची."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागं सरले. मग तिनं तांब्याच तोंडाला लावला.

नागम्मा मोरीच्या दाराशी पाट मांडून बसली. जेवणं झाली, भांडी झाली, ती हलली नाही. बाहेर शरणप्पा आणि महानंदाचे वडील एकमेकांची नजर चुकवत पावसापाण्याचं बोलत होते. महानंदा पुस्तक उघडून बसली होती. पान उलटत नव्हतं. बी.ए. झालेल्या, चारचौघांत मान असलेल्या सुंदरम्मानं सिद्धेश्वराला हात जोडले आणि मागू नये ते मागितलं.

उन्हं कलताना ती मोरीत गेली, बाहेर आली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नागम्मा आत शिरली. शहाबादी फरशीवर वाकून तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली की शरणप्पा घाबरून उठले.

"अवो, लाल! आमच्याहून लाल!" ती ओरडली. "विहीनबाई, या हिकडं. बसा. दमला असाल."

विहीणबाई! नागम्मानं सोडलेल्या पाटावर सुंदरम्मा बसली. महानंदानं पुस्तक मिटलं.

"वेळ किती लागला?" ओसरीतून मास्तर विचारत होते.

"भावजी," सुंदरम्मा म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तुम्ही मुदपाकखान्याकडं नुसते फिरकलात, तर व्याह्यांच्या आधी तुम्हाला दुधनीच्या गाडीत बसवीन."

"आनि आमी उतरवून घेनार न्हाई," नागम्मा म्हणाली.