नदीकाठच्या चाळीतला म्हसोबा

कोरा कागद फळ्यावर ताणून बसवला की ते पहिल्यांदा हिरवी पेन्सिल उचलायचे. बाकीचे ड्राफ्ट्समन आधी भिंती काढत. हे आधी झाडं काढत. कुणी हसलं तर मान वर न करता म्हणायचे, "भिंती काय, कुठंबी हुब्या ऱ्हात्यात. झाडाचं आधी बघाय पायजे गड्या."

माणूस माणदेशातला, मेंढपाळाच्या घरचा. पलटणीत नकाशे काढायला शिकला आणि सांगलीत आमच्या इंजिनिअर साहेबांच्या कचेरीत चिकटला. मी तिथे ट्रेसर होतो, त्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर गिरवून घ्यायचो. "आमच्या गावात झाडं तीन. तिन्हींस्नी नावं हाईत," असं ते अभिमानाने सांगत. चौथं का नाही, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या आणि कामगार मिळेल त्या पडवीत राहत होते. एका शेठजींनी कृष्णेकाठची जमीन घेतली आणि सव्वाशे बिऱ्हाडांची चाळ काढून द्या म्हणाले. काम यांच्याकडे आलं, आणि तुम्हाला सांगतो, मी असा झपाटलेला माणूस पुन्हा पाहिला नाही.

महिनाभर ते कामगारांच्या बायकांना प्रश्न विचारत हिंडले. चूल कुठं मांडता, धुणं कुठं वाळतं, पोर रांगतं कुठं? बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, "आवं, आमाला खोली मिळंना, आन् तुमी अळू कुठं लावता म्हून इचारताय व्हय?" त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

नकाशा मात्र देखणा झाला. पुराची खूण पाहून उंच जोतं, चारी बाजूंनी दुमजली खोल्या, मध्ये सगळ्यांची मिळून एक बाग. खालच्या प्रत्येक मोरीचं पाणी दाराशी असलेल्या वाफ्यात उतरणार, वरच्यांचं केळींना. नदीच्या बाजूला जांभळी, मध्ये दोन कडुलिंब.

शेठजींनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि बागेवर बोट ठेवलं. "इथं खोल्यांच्या दोन ओळी आरामात बसतात." साहेबांनी मान डोलावली. एका सहीत बाग संपली असती.

तो बाजारचा दिवस होता, जागेवर चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी ते मला तिथे घेऊन गेले. आम्ही नदीतून एक गोल धोंडा आणला, बागेच्या बरोबर मधोमध टेकवला आणि त्यांनी त्याला शेंदूर-तेल फासलं. मग कचेरीत येऊन नकाशावर लिहिलं, 'म्हसोबाची जागा'.

"देवाच्या अंगावर खोल्या बांधायची छाती कुणाची हाय?" ते म्हणाले. त्यांना एवढं खदखदून हसताना मी तेव्हाच पाहिलं.

शेठजी आले, चपला काढल्या, हात जोडले. दोन ओळी रद्द झाल्या. आम्ही स्टेशनसमोर बसून भजी खाल्ली आणि ते मला कडुलिंबाला किती वर्षांत सावली येते ते समजावत राहिले.

पंधरा दिवसांत गवंडी तिथे नारळ फोडू लागले. कुणाचं पोर तापातून उठलं, कुणाची म्हैस सापडली. मग शेठजींचा निरोप आला. देव उघड्यावर नको. देऊळ बांधा, पुढे मंडप घाला, अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत फरसबंद करा. झाडं नकोत, पाचोळा पडतो. वाफेही नकोत, मोरीचं पाणी देवापाशी कसं चालेल?

ते थेट गवंड्यांच्या मुकादमाकडे गेले. मी बरोबर होतो. म्हणाले, "आवं नाना, त्यो धोंडा मी ठिवलाय. ह्या हातानं. देव न्हाई त्यो."

मुकादम जराही दचकला नाही. हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, "तुमीच का ठिवला? दुसऱ्या कुणाला का न्हाई सुचलं? त्यानंच तुमाला बुद्धी दिली म्हणा की."

साहेबांना सांगावं तर नोकरी जाणार आणि बाग वाचणार नाही ती नाहीच. देवळाचा नकाशा यांनाच काढावा लागला. शेजारच्या फळ्यावर मी होतो. चौथ्या दिवशी त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "ट्रेस कर गड्या. माज्यानं बघवंना." मला फार वाईट वाटलं, पण मी तो ट्रेस केला.

पायाभरणीचा नारळ शेठजींनी त्यांच्याच हातात दिला. देव शोधून काढणारा माणूस म्हणून लोक त्यांच्या पाया पडले. त्यानंतर ते कचेरीत फारसे टिकले नाहीत. गावाकडे गेले, तिथे मेंढरं राखू लागले असं कानावर आलं.

लढाई संपल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात कचेरीत कार्ड आलं. ते वारले होते. चाळीत कुणाला तरी सांगावं म्हणून मी दुपारीच निघालो.

अंगणात एकही माणूस नव्हता. सगळी दारं उन्हाच्या झळांनी बंद होती. मंडपाच्या कडेला एक बाई वाती वळत बसली होती. मी तिच्याकडे निघालो तशी ती लांबूनच ओरडली, "आवं, चपला काढा! लय कडक देव हाय."

मी चपला काढल्या. फरशी अशी तापली होती की दोन पावलांपुढे मला जाववेना. बाई मंडपातून बघत राहिली. मी तसाच मागे फिरलो, आणि ते गेल्याचं तिथे कुणालाच सांगितलं नाही.