विष ओळखणारं ताट

माणसांवर एवढा संशय आणि माणसांवर एवढी माया एकाच देहात नांदताना मी फक्त आमच्या अंबडच्या शेजाऱ्यांच्या ठायी पाहिली. निजामाच्या अमलात तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुणाकडेही जेवायला निघाले की काखेत स्वतःचं ताट घेत. ताट चिनी मातीचं, शेवाळी रंगाचं, हैदराबादेत एका सौदागराकडून घेतलेलं. शेकडो वर्षांपूर्वी चीनहून निघालेलं व्यापारी गलबत बुडालं, त्यातून वर काढलेला हा माल, असं ते सांगत. आणि समुद्र जन्मात न पाहिलेले पेशकार त्या वादळाचं असं वर्णन करीत की ऐकणाऱ्याने धोतर पिळायला घ्यावं. ताटाच्या बुडाला एक शिंपला चिकटला होता. तो खरवडायची बायकोला सक्त मनाई. "पुरावा हाये तो! अन् ऐका, अन्नात विष असलं की हे बराबर तडकतं." मग व्याह्यांचं घर असो की देवळातला प्रसाद, पहिली वाढ पडली की स्वारी ताटाला कान लावून बसे आणि यजमान चुळबुळत उभा राही.

माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहुण्यांचा स्वयंपाक केला, तेव्हा पेशकारही ताटासकट आले. मला अवदसा आठवली. विसळतो म्हणून मी ताट आत नेलं, पौषातल्या गार पाण्यात बुडवून ठेवलं आणि पंगतीत त्यात चुलीवरची रटरटती कटाची आमटी ओतली. जराशी गंमत, एवढंच डोक्यात होतं.

ताट टणकन तडकलं.

सगळ्यांच्या नजरा बायकोकडे वळल्या. ती पांढरीफटक पडली. मी काय करून बसलो ते तेव्हा कळलं, आणि मी आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकलो.

पेशकारांनी एकदा चिरेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सूनबाई, बुढ्ढं झालं हे ताट. बिलकुल अक्कल न्हाई राह्यली त्याला. वाढा तुम्ही." आणि त्यांनी आमटी ओरपली. दोनदा मागून घेतली.

त्यांनी माझी लबाडी ओळखली असावी, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सांगत आली, "काल जेवून आले, आंघोळ केली, कोरं धोतर नेसले अन् दिवेलागणीपर्यंत देवापुढं बसून होते. विचारलं तर म्हणले, काही न्हाई, जरा वाट पाहून राह्यलो."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ताट त्यांनी पुन्हा काढलं नाही. सौदागराने आपल्याला फसवलं, असं ते हसून सांगत, आणि मी शेजारी बसून मान डोलवी. पुढे कितीतरी वर्षं ते आमच्याकडे पानावर जेवले. पाणी गार होतं, आमटी उकळती होती, एवढंच सांगायचं होतं. त्यांच्या पानात तूप वाढताना दर वेळी ते ओठांवर येई, आणि मी म्हणे, "अजून वाढू?"