अण्णांचा उजवा हात आणि आमची गल्ली

शहापुरातल्या आमच्या गल्लीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, दारात उभं राहिलं की पायाशी येऊन पडतात. हा मात्र अर्धाच पडला. भाजीच्या गाड्याशी दोघी बोलत होत्या, "अण्णांचा माग म्हणे..." आणि मला बघून गप्प झाल्या. पुढचं 'विकला' मीच जोडलं, आणि पाच घरांत पोचवलंसुद्धा.

अण्णा म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे विणकर, घरात दोन हातमाग. मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवा आला, उजवा हात लुळा पडला. तो परत मागावर चालंल का, एवढाच घोर त्या घराला.

*

त्यांची लेक दीपा बेंगळूरला मेंदूच्या पेशींवर शिकते. सुट्टीला आली तेव्हा मी विचारलं, अण्णांच्या डोक्यात आता चाललंय तरी काय? ती म्हणाली, आत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. बारीक हात लांबवून त्या शेजारच्या पेशींना सारख्या चाचपतात, बरी आहेस न्हवं म्हणून. एखादीला इजा झाली की ती खूण धाडते, मग ह्या धावतात, पडझड साफ करतात.

"म्हणजे तुमच्यासारख्याच की, काकू. दिवसातनं चारदा भिंतीवरनं डोकावणाऱ्या."

मला लई बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी सहादा डोकावू लागले.

*

मग सगळी गल्लीच राखणदार झाली. कुणी अण्णांना घास भरवी, कुणी सदऱ्याची बटणं लावी. चहाचा कप तोंडाशी धरायचं काम माझं. महिन्याभरानं व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या, म्हणाल्या, हात होता तिथंच आहे. त्याला कामच कुठं ठेवलंय तुम्ही? अण्णांच्या बायकोनं, आक्कानं, तोंडाला पदर लावला.

दीपानं फोनवर मलाच धरलं. "त्या पेशी खवळल्या आणि थांबायचं विसरल्या, की चांगल्या पेशींनाबी दुखवतात. येणं बंद करू नका, काकू. फक्त आपले हात मांडीवर ठेवा."

*

हे किती अवघड, ते मला विचारा! एका बटणाला अण्णांनी पाव तास घेतला. तेवढ्यात मी पदराचे दोरे काढून काढून काठ उसवला.

*

परवा त्यांच्या दारात टेम्पो लागला आणि त्यात खरंच माग चढला. माझी बातमी खरी ठरली, पण ती सांगायला कुठल्या घरी गेले नाही. तशीच आत शिरले.

दोन मागांतला एक जागेवर होता. त्यावर अण्णा बसले होते, उजव्या हातानं दोरी ओढत, हळूहळू. मधेच एक धागा तुटला. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, अण्णांनी मान वर केली नाही. चौथ्या खेपेला गाठ बसली.

"दोन मागांना पुरंल एवढा हात न्हाय आला अजून," ते म्हणाले. "एकाला आलाय."