नक्षीची भिंत
अबू धाबीतल्या एका बड्या इमारतीच्या मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याचं काम आमच्याकडे होतं. मी इंटिरियर डिझायनर. समोरची अख्खी भिंत एक सीरियन कारागीर जिप्सममध्ये कोरत होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. अलेप्पोतलं त्याचं घर आणि कारखाना बॉम्बखाली गेला होता. हिंदी तो इथल्या कामगारांत राहून शिकला होता.

भिंत पुरी होत आली आणि मालकांचा विचार फिरला. त्यांना आता तिथे संगमरवर हवा होता. सकाळीच पंजाबी फोरमन भिंत फोडायची मशीन घेतलेली माणसं घेऊन आला.

"यल्ला, उस्ताद, बाजू हो. ये दीवार खलास."

"मेरे को टाइम दो," उस्ताद म्हणाला. "मैं टुकड़े-टुकड़े निकालेगा. तोड़ना नहीं."

मी फोरमनला थांब म्हटलं, ऑफिसला फोन लावला. तो थांबला नाही. मशीन धडधडली, कोरलेली पहिली वेल तुटून खाली आली. उस्तादने मशीनवरच झडप घातली. फोरमनने त्याला असं ढकललं की तो लोखंडी परातीवर आपटला. उठला तो हातात हातोडा घेऊनच. एकच घाव, सरळ फोरमनच्या जबड्यावर. पांढऱ्या भुकटीत रक्त आणि दात सांडले.

मी उस्तादला मागून मिठी मारली. त्याने मला ओळखलंच नाही. त्याच्या कोपराने माझं नाक फोडलं. तेवढ्यात फोरमनची माणसं धावून आली. उस्ताद खाली पडला, तरी बूट थांबेनात. त्याच्या बरगडीचा कडकन आवाज मी ऐकला आणि त्याच्या अंगावर आडवा पडलो. "मर जाएगा! छोड़ो!" माझ्याही पाठीत लाथा बसत होत्या. शेवटी परांचीवरून उतरलेल्या पठाण कामगारांनी एकेकाला ओढून बाजूला केलं.

पोलीस येण्याआधी आमचा मॅनेजर हळूच म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस." मी पोलिसांना फोरमनचं ढकलणं सांगितलं, उस्तादचा हातोडा सांगितला, लाथाही सांगितल्या.

रीम आयलंडवर घरी आलो तर लेकीने नाकावरची पट्टी पाहिली. "बाबा, हू डिड धिस?"

"मित्राने," मी म्हणालो. ती रडायला लागली.

उस्तादला तुरुंग झाला आणि सुटल्यावर देशाबाहेर पाठवलं. तो आपल्या मुलीकडे कैरोला गेला, एवढंच कळलं. भिंतीवर संगमरवर चढला.

फोरमन बऱ्याच काळाने कामावर परतला. तोंड वाकडं झालं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. चहाच्या टपरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

"साब, उस्ताद जिंदा है ना?"

"है."

त्याने मान हलवली. गरम चहा त्याला पिता येत नव्हता; तो कपावर फुंकर घालत राहिला.