ओठांना मानवेल असा माउथपीस

कोलशेतच्या गावठाणात हळद कुणाचीही असो, राघो पाटलाचं क्लॅरिनेट वाजल्याशिवाय बायका नाचायला उठत नसत. बाप खाडीकाठच्या मिठागरात राबला, राघोने कंपनीत नोकरी केली, निवृत्तही झाला. पण गावात त्याची ओळख वाजवणारा म्हणूनच.

एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं. तोंडावरून वारं गेलं होतं. औषधांनी आणि रोजच्या व्यायामाने चेहरा बराचसा सरळ झाला, डोळाही मिटू लागला. डावा कोपरा मात्र ढिलाच राहिला. क्लॅरिनेट ओठांत धरलं की तिथून हवा निसटायची आणि सुराऐवजी नुसती फसफस. बँडमध्ये त्याच्या जागी पुतण्या दिपेश उभा राहिला. पोरगा छान वाजवतो, याचं राघोला बरं वाटायचं आणि ऐकवतही नसे. हळदीला जाणंच त्याने सोडलं.

दिपेशनेच मग संचिताला गाठलं. ती समोरच्या टॉवरमध्ये राहायची, संगीत शिकवायची आणि दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये फुंकून वाजवायच्या वाद्यांचा एक हौशी ग्रुप बसवायची. तिच्याकडे एक बास क्लॅरिनेट पडून होतं. बोटांची ठेवण नेहमीच्या क्लॅरिनेटसारखीच, पण वाद्य लांबलचक आणि आवाज खर्जातला.

"काका, याचा माउथपीस मोठा असतो. ओठ एवढे आवळावे लागत नाहीत," संचिता म्हणाली. "बघा तरी."

तिने तीन माउथपीस टेबलावर ठेवले. राघोने सवयीने सर्वांत मोकळ्या तोंडाचा उचलला. त्याला दणका हवा होता. फुंकल्याबरोबर हॉल घुमला खरा, पण दोन ओळींतच गाल दुखायला लागला, लाळ हनुवटीवर आली, सूर फाटला. त्याने घाईघाईने रुमाल तोंडावर धरला. दुसरा जरा बरा, पण तोही मध्येच शिट्टी मारायचा. तिसऱ्याचं तोंड अरुंद. संचिताने त्याला फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी वेताची पत्ती, त्यातली मऊ, लावून दिली. सूर आला, अखंड आला; पण हळू.

"याच्यान मांडवातली मानसं उठतील काय?" राघो वैतागला.

"इथे मांडव कुठाय काका? आमच्याकडे वरचे सूर वाजवणारे ढीगभर आहेत. खाली कुणीच नाही."

राघोचं समाधान झालं नाही. ते वाद्य आणि पहिला व तिसरा, असे दोन माउथपीस घेऊन तो घरी आला. त्याची बायको बायजा मागल्या पडवीत सुकट निवडत बसली होती. त्याने तिला काहीच सांगितलं नाही. आत बसून आधी मोकळा लावला, हळदीची एक चाल वाजवली. मग अरुंद लावून तीच चाल पुन्हा. बायजाचे हात थांबले. ती दारात येऊन उभी राहिली.

"यो कनचा?"

"का? बारीक वाटतो ना?"

"बारीक हाय. पन मगाशी तुमी सारखा दम घेत व्हतात. मना वाटला, परत काय जाला का काय. आता गाना सरल लागला." जरा थांबून ती म्हणाली, "हलदीला गावभर ऐकू जायचा. मी चुलीपाशी. माझ्याजवल बसून कधी वाजवलात?"

राघो उठला. मग स्टूल उचलून पडवीत आला आणि तिच्या सुपाशेजारी बसला. जोर न लावता फुंकायला त्याला जड गेलं. एवढी वर्षं ओठांशी झुंजायचीच सवय. पण ढिला कोपरा आता आड येत नव्हता. सुकट निवडून झाली तरी बायजा उठली नाही.

रविवारी त्याने मोकळा माउथपीस संचिताला परत दिला. "मना योच," एवढंच म्हणाला. मागच्या रांगेत खुर्ची टाकून बसला. त्याचा पहिला सूर लागताच पुढच्या दोघीतिघी मागे वळून बघायला लागल्या. गाणं नेहमीचंच, पण अचानक भरलेलं वाटलं.

आता जानेवारीच्या कार्यक्रमात संचिताने त्याला एक अख्खं कडवं एकट्याने दिलंय. शेवटच्या ओळीला अजून कधीकधी हवा निसटते. राघो थांबतो, ओठ पुसतो, पत्ती ओली करतो आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून धरतो. परवा दिपेश ऐकायला आला, तर त्यालाच म्हणाला, "बस रे, वरचा सूर धर. बघू आपला जमतो का."